आधी आपल्या घरातला आवाज

(मंडळाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात अभ्यासगटाच्या वतीने वाचण्यात आलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या सभासदांना त्या दिवशी येणे जमले नाही त्यांच्यासाठी तो येथे देत आहोत. - संपादक मंडळ)



दरवर्षी या मेळाव्यात एखाद्या सामाजिक प्रश्नावर अभ्यासगटाने काही मांडावे अशी आपली प्रथा आहे. यंदाचा विषय ‘धर्मांधता आणि राजकारण’ हा आहे. विषय अवघड आहे, नाजूकही आहे. "सणासुदीच्या दिवसांत हे कशाला?" असे आम्हांला दोन-तीन जणांनी प्रेमाने विचारले. त्याचे उत्तर सरळ आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव येणार आहे. मंडळाचे सभागृह यापुढे फक्त हिंदू कुटुंबांनाच भाड्याने द्यावे आणि गणेशोत्सवातील मांडवाचे व रोषणाईचे काम परधर्मीय ठेकेदाराला देऊ नये, असा तो ठराव आहे. ठराव मांडणारे आपलेच सभासद आहेत, कामाचे माणसे आहेत, त्यांच्या हेतूवर आम्ही शंका घेत नाही. पण मत देण्यापूर्वी आपण सर्वांनी थोडा विचार करावा, म्हणून आज हा विषय घेतला.

प्रथम शब्दाचा घोळ मिटवू. धार्मिक असणे म्हणजे धर्मांध असणे नव्हे. आषाढीला उपास करणारी आजी, रोज पाच वेळा नमाज पढणारे गृहस्थ, रविवारी चर्चला जाणारे कुटुंब, गुरुद्वाऱ्यात लंगरची सेवा करणारे सरदारजी, यांच्यापैकी कोणाचाच समाजाला त्रास नाही. उलट समाज त्यांच्यावरच उभा असतो. इंग्रजीतला ‘फंडामेंटॅलिझम’ हा शब्द मुसलमानांसाठी तयार झाला असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. तो तयार झाला अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकांमध्ये. १९१० ते १९१५ या काळात तिथे ‘द फंडामेंटल्स’ नावाच्या पुस्तिकांची मालिका निघाली. बायबलचा शब्द न् शब्द खरा, त्यावर शंका नाही, असा तिचा सूर होता. त्यावरून हा शब्द रूढ झाला. मराठीत आपण त्याला मूलतत्त्ववाद म्हणतो. आमच्या मते त्याची खूण एकच. माझ्या धर्माचा अर्थ मीच लावणार, तो सर्वांनी मानायचा आणि न मानणाऱ्यावर सत्तेचा किंवा दंडुक्याचा वापर करायचा. ही खूण कोणत्याही धर्मात दिसू शकते, आणि दिसलेली आहे.

आता आपल्या गावाकडे वळू. आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे १ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ राजधानी झाल्यावर इथे आली. कोणी नागपूरच्या कचेऱ्यांबरोबर आले, कोणी ग्वाल्हेर-इंदूरहून, कोणी पुढे भेलच्या नोकरीत पिपलानी-बरखेड्याला. पण मराठ्यांचा भोपाळशी संबंध त्याहून जुना आहे. १७३७ च्या डिसेंबरात थोरल्या बाजीरावांनी निजामाला इथेच कोंडीत पकडले. १८१२-१३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी या शहराला वेढा घातला होता. म्हणजे आपले पूर्वज एकेकाळी या तटबंदीच्या बाहेर तोफा लावून बसले होते आणि आज आपण तटबंदीच्या आत-बाहेर सुखाने नांदतो आहोत. या शहराने तो हिशोब आपल्याकडे कधी मागितला नाही. इतिहासातले हिशोब आज कोणाकडून वसूल करावेत असे वाटू लागले, की हे जरा आठवावे.

या रियासतीवर १८१९ पासून १९२६ पर्यंत, एक शतकाहून अधिक काळ, बेगमांचे राज्य होते. एकापाठोपाठ चार स्त्रियांनी कारभार पाहिला. त्यांतल्या शेवटच्या सुलतान जहाँ बेगम. त्यांनी सांचीच्या स्तूपांच्या दुरुस्तीसाठी आणि तिथल्या संग्रहालयासाठी रियासतीच्या तिजोरीतून पैसा दिला. बेगम स्वतः नेमाने धर्म पाळणाऱ्या मुसलमान होत्या, हजला जाऊन आलेल्या. तरी बौद्धांच्या स्तूपावर खर्च करताना आपला धर्म बुडतो असे त्यांना वाटले नाही. आणि त्याच धर्माचे नाव घेऊन मार्च २००१ मध्ये अफगाणिस्तानात तालिबानने बामियानच्या बुद्धमूर्ती सुरुंग लावून उडवल्या. धर्म एकच. मग फरक कशात होता? सत्ता कोणाच्या हातात होती आणि तिने धर्माचा उपयोग कशासाठी केला, यात होता.

सांचीचे नाव निघाले म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. बौद्ध धर्मात तरी असे होत नसेल, असे आपल्याला वाटते. श्रीलंकेत १९५६ साली सॉलोमन बंदरनायके यांनी सिंहली भाषा आणि बौद्ध धर्म यांच्या नावाने मते मागितली. भिख्खू त्यांच्या प्रचाराला घरोघर फिरले. ते पंतप्रधान झाले आणि ‘फक्त सिंहली’चा कायदा केला. मग तमिळांशी थोडी तडजोड करावी म्हणून १९५७ मध्ये त्यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला. भिख्खू त्यांच्या बंगल्यासमोर धरणे धरून बसले, आणि बंदरनायकेंनी करार मोडीत काढला. एवढ्यानेही भागले नाही. सप्टेंबर १९५९ मध्ये एका बौद्ध भिख्खूनेच त्यांना घरात येऊन गोळ्या घातल्या. तमिळांचा प्रश्न पुढे यादवी युद्धापर्यंत गेला आणि २००९ पर्यंत तो देश जळत राहिला. वाघावर बसणे सोपे असते, उतरणे अवघड असते, याचे याहून ठळक उदाहरण आम्हांला माहीत नाही.

या घटनेतली एक बाब लक्षात ठेवावी. मारणारा आणि मरणारा एकाच धर्माचे होते. इतरत्रही हेच दिसते. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींना मारणारा हिंदू होता. ४ नोव्हेंबर १९९५ ला इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांना मारणारा ज्यू होता. पॅलेस्टिनींशी समझोता केला हा त्यांचा गुन्हा. ४ जानेवारी २०११ ला पाकिस्तानात पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना त्यांच्याच अंगरक्षकाने मारले. ईशनिंदेच्या आरोपाखाली फाशीची शिक्षा झालेल्या एका गरीब ख्रिस्ती बाईची त्यांनी बाजू घेतली होती. मारेकऱ्याला कोर्टात आणले तेव्हा काही वकिलांनी त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. परधर्मीयांपासून रक्षण करतो असे सांगत धर्मांध माणूस उभा राहतो, पण त्याचा पहिला वार घरातल्या त्या माणसावर होतो, जो म्हणतो, "थांबा, दुसऱ्याचेही ऐकून घेऊ." आजच्या भाषणात आम्हांला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे. बाकीचे सगळे याच्या पुराव्यादाखल.

आता आपल्या मध्य प्रदेशातले उदाहरण घेऊ, कारण या देशाच्या राजकारणाला वळण देणारी एक गोष्ट इंदूरच्या एका घरात सुरू झाली. शाहबानो बेगम यांचे नाव सर्वांनी ऐकले आहे, पण हकीकत पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांचे लग्न १९३२ साली इंदूरच्या मोहम्मद अहमद खान या वकिलांशी झाले. पाच मुले झाली. ४३ वर्षांच्या संसारानंतर १९७५ मध्ये नवऱ्याने त्यांना घराबाहेर काढले. एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी इंदूरच्या कोर्टात महिना ५०० रुपये पोटगीचा अर्ज केला. तो चालू असतानाच नोव्हेंबरात नवऱ्याने तलाक दिला आणि आता माझी जबाबदारी संपली असे म्हटले. १९७९ मध्ये कोर्टाने पोटगी मंजूर केली, महिना २५ रुपये. १९८० मध्ये उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. या १७९ रुपये २० पैशांविरुद्ध नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला.

२३ एप्रिल १९८५ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने नवऱ्याचे अपील फेटाळले. पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड हे मराठी गृहस्थ होते. निराधार बायकोला पोटगी देण्याचा फौजदारी कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे, असे त्यांनी म्हटले. झाले! शरीयत धोक्यात आली म्हणून गावोगाव मोर्चे निघाले. सत्तरीकडे झुकलेल्या त्या बाईवर एवढे दडपण आले, की नोव्हेंबर १९८५ मध्ये त्यांनी जाहीर पत्र काढून निकाल आपल्याला मान्य नाही असे सांगितले. विचार करा, जिंकलेला दावा सोडून देण्याची पाळी एका म्हाताऱ्या बाईवर तिच्याच समाजाने आणली.

सरकारने काय केले? राजीव गांधींनी आधी आरिफ मोहम्मद खान या आपल्या तरुण मंत्र्याला लोकसभेत निकालाच्या बाजूने बोलायला सांगितले. पोटनिवडणुकांत फटका बसला तसे सरकारचे पाय लटपटले. फेब्रुवारी १९८६ मध्ये निकाल निष्प्रभ करणारे विधेयक आले, खान यांनी राजीनामा दिला, आणि मे महिन्यात कायदा झाला. मुसलमान समाजातल्या सुधारकांचा आवाज सरकारने ऐकला नाही. जो मोठ्याने ओरडत होता तोच समाज, असे धरून चालले.

आणि त्याच फेब्रुवारीच्या १ तारखेला फैजाबादच्या जिल्हा न्यायाधीशांच्या आदेशाने अयोध्येतले कुलूप उघडले गेले, दूरदर्शनवर ते देशाला दाखवले गेले. एकाला काही दिले, म्हणून दुसऱ्यालाही काही दिले, असा अर्थ लोकांनी लावला, आणि तो लावू नये असे सरकारने काही केले नाही. यातून दोन्हीकडच्या कट्टर मंडळींचे दुकान चालू झाले. एक म्हणे, बघा, ते तुमचा धर्म बुडवायला निघालेत. दुसरा म्हणे, बघा, त्यांचे लाड चाललेत. वरवर एकमेकांचे शत्रू, पण एकाचे भाषण झाले की दुसऱ्याची वर्गणी वाढे.

पुढे काय झाले ते आपण भोपाळकरांनी डोळ्यांनी पाहिले. या शहराला दोन डिसेंबर विसरता येत नाहीत. १९८४ च्या डिसेंबरात, २ आणि ३ तारखेच्या रात्री, युनियन कार्बाइडचा वायू जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, रेल्वे स्टेशन सगळीकडे पसरला, तेव्हा तो कोणाचा धर्म विचारत नव्हता. आपल्यातले जे त्या वेळी हमीदिया रुग्णालयात मदतीला गेले होते ते सांगतात, की कोण कोणाला उचलून आणतो आहे हे पाहायला कोणाला सवड नव्हती. त्यानंतर आठच वर्षांनी, ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली आणि ७ तारखेपासून हेच शहर पेटले. फाळणीच्या वेळीही इतर ठिकाणांच्या मानाने शांत राहिलेल्या या गावात शंभरावर माणसे मेली. लष्कर आले, कर्फ्यू लागला. ज्यांनी एकाच वाऱ्यात विष प्यायले होते, तीच माणसे एकमेकांच्या वस्तीकडे संशयाने पाहू लागली. जुन्या शहरातून नव्या शहरात आणि इकडून तिकडे लोक राहायला गेले, मोहल्ले धर्माप्रमाणे वेगळे झाले. ती भिंत आजही पूर्ण पडलेली नाही.

१५ डिसेंबर १९९२ ला केंद्राने मध्य प्रदेशातले सुंदरलाल पटवा यांचे सरकार, तसेच राजस्थान व हिमाचलची सरकारे बरखास्त केली. प्रकरण कोर्टात गेले. एप्रिल १९९३ मध्ये आपल्या उच्च न्यायालयाने बरखास्ती चुकीची ठरवली. ११ मार्च १९९४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बोम्मई प्रकरणाबरोबर याचा निकाल देताना ती वैध ठरवली. त्या पीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, तेही मराठीच. धर्मनिरपेक्षता हा घटनेच्या मूळ चौकटीचा भाग आहे आणि राज्य सरकारला तिच्याविरुद्ध वागता येत नाही, हे त्या निकालाचे सार. राष्ट्रपती राजवटीचा केंद्राने या देशात पुष्कळदा दुरुपयोग केला, हेही त्याच निकालाने बजावले. दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्यात. आपल्या सोयीचे अर्धेच पान वाचू नये.

शाहबानोंच्या प्रकरणाचा शेवटही सांगायला हवा, नाहीतर चित्र अपुरे राहील. शाहबानो १९९२ मध्ये वारल्या. पण त्यांचे वकील दानियल लतीफी यांनी नव्या कायद्याला आव्हान दिले. सप्टेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा रद्द न करता त्याचा अर्थ असा लावला, की घटस्फोटित बायकोच्या पुढच्या आयुष्याची रास्त तरतूद नवऱ्याने इद्दतच्या मुदतीतच केली पाहिजे. २०१७ मध्ये मुसलमान स्त्रियांनीच लढून एका दमातला तिहेरी तलाक बेकायदा ठरवून घेतला. आणि १० जुलै २०२४ ला न्यायालयाने स्पष्ट केले, की पोटगीचा तो सर्वसाधारण फौजदारी कायदा मुसलमान घटस्फोटितेलाही लागू आहे. इंदूरच्या त्या बाईचे म्हणणे ३९ वर्षांनी पुन्हा तसेच मान्य झाले. हा विजय मोर्चे काढणाऱ्यांचा नव्हे, घरात राहून भांडणाऱ्यांचा आहे.

मराठी माणसाला हे नवे नाही. शाहबानोच्या निकालाच्या १९ वर्षे आधी, १८ एप्रिल १९६६ ला, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला होता. मागणी होती तोंडी तलाक बंद करण्याची. फक्त सात बायका! १९७० मध्ये पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. समाजाने त्यांना शिव्या दिल्या, हल्ले केले. दलवाईंनी मुसलमान धर्मांधतेवर टीका केली तेव्हा काही हिंदूंनी टाळ्या वाजवल्या. ते हिंदू जातीयवादावर तितक्याच कडकपणे बोलले तेव्हा तेच लोक कानावर हात ठेवू लागले. १९७७ मध्ये ते गेले, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी.

आणि आता आपले घर. आपले ठेवायचे झाकून आणि दुसऱ्याचे पाहायचे वाकून, असे चालणार नाही. गांधीजींचा मारेकरी मराठी होता, पुण्याचा होता. पिस्तूल ग्वाल्हेरहून, म्हणजे आजच्या आपल्याच राज्यातून, मिळवलेले होते. त्यानंतर महाराष्ट्रात गावोगाव ब्राह्मणांची घरे जाळली गेली, ज्यांचा त्या खुनाशी काडीचा संबंध नव्हता अशांचीही. आपल्या मंडळात अशी कुटुंबे आहेत ज्यांच्या आजोबांनी ती आग पाहिली. एका माणसाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या जातीला जबाबदार धरले की काय होते, हे त्यांना वेगळे सांगायला नको.

अलीकडचे पाहा. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर गोळीबार झाला, चार दिवसांनी ते गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडला प्रा. कलबुर्गी. दाभोलकर देवाला शिव्या देत नव्हते, देवाच्या नावाने फसवणाऱ्यांना जाब विचारत होते. मे २०२४ मध्ये कोर्टाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली, तिघे पुराव्याअभावी सुटले. खुनामागचा मेंदू कोणाचा, याचे उत्तर त्या निकालातून मिळाले नाही.

न्यायाचा विषय निघालाच आहे, तर एक कसोटी सुचवतो. ती प्रत्येकाने आपल्यापुरती लावून पाहावी. जुलै २०२५ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतील बॉम्बस्फोटांच्या खटल्यात शिक्षा झालेल्या सर्व १२ मुसलमान आरोपींना निर्दोष ठरवले. ३१ जुलैला विशेष न्यायालयाने २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटातील सातही हिंदू आरोपींची निर्दोष सुटका केली. त्यांत आपल्या भोपाळच्या माजी खासदार प्रज्ञासिंह ठाकूरही होत्या. दोन्हीकडे पुरावा टिकला नाही. दोन्ही निकालांविरुद्ध अपिले झाली. मुंबईत १८० च्या वर आणि मालेगावात सहा माणसे मेली होती. त्यांच्या घरच्यांना, आमच्या माणसांना कोणी मारले, याचे उत्तर एवढ्या वर्षांनीही मिळाले नाही.

पण आपल्यात चर्चा कशी झाली? एका निकालाने ज्यांना आनंद झाला त्यांना दुसऱ्याचा राग आला. पहिला ऐकून जे "न्यायव्यवस्था विकली गेली" म्हणाले, तेच दुसरा ऐकून "सत्याचा विजय" म्हणाले. आणि उलटेही तसेच. आरोपीचा धर्म पाहून आपण आधीच निकाल लावून मोकळे झालो होतो. आमच्या अभ्यासगटातही हे झाले, खोटे कशाला बोला! धर्मांधता फक्त बॉम्ब ठेवणाऱ्यात असते असे नाही. तिचे बी इथे, चहाच्या कपाबरोबरच्या गप्पांत असते.

आता ठरावाकडे येतो. त्याच्या बाजूने जे सांगितले जाते ते आम्ही लक्ष देऊन ऐकले. पहिला मुद्दा असा, की "ते लोक आपल्याला त्यांच्याकडे असे करू देतील का?" काही ठिकाणी देतील, काही ठिकाणी देणार नाहीत. पण दुसऱ्याच्या घरातला सर्वांत हट्टी माणूस पाहून आपल्या घराचे नियम ठरवायचे, तर मग आपल्या घराचा कर्ता तोच झाला. दुसरा मुद्दा, "आता दिवस बदललेत, सुरक्षितता पाहिली पाहिजे." सुरक्षिततेसाठी ओळखपत्र घ्यावे, अनामत रक्कम वाढवावी, कॅमेरे बसवावेत, पोलिसांना कळवावे. हे सर्व नियम सर्वांना सारखे लावावेत. धर्म हा सुरक्षिततेचा दाखला नव्हे. तिसरा मुद्दा, "गणपतीचे काम श्रद्धा असणाऱ्यानेच करावे." प्राणप्रतिष्ठा गुरुजी करतात, आरती आपण करतो. बांबू बांधणारा आणि दिव्यांच्या माळा लावणारा वर्षानुवर्षे जुन्या शहरातून येतो आहे. पाऊस आला तर रात्री बारा वाजताही ताडपत्री घेऊन येतो. त्याचे काम वाईट असेल तर जरूर दुसरा ठेकेदार बघा. नावामुळे बदलायचा असेल तर तसे त्याच्या तोंडावर कोण सांगणार, तेही सभेत ठरवावे.

आणखी एक गोष्ट. २००८ मध्ये मुंबईत रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली, तेव्हा इथे कचेऱ्यांत, कॉलेजांत आपल्यातल्या अनेकांना विचारले गेले, "तुमचे लोक तिथे काय करतायत?" आपण काय उत्तर दिले होते? "अहो, आमचा काय संबंध? आम्ही इथे जन्मलो, इथेच वाढलो." ते उत्तर बरोबरच होते. मग तेच उत्तर दुसरा देतो तेव्हा ते ऐकून घेणे आपले काम आहे. दूर कुठेतरी झालेल्या कृत्याचा जाब शेजाऱ्याला विचारायचा नसतो, हे परमुलखात राहणाऱ्या माणसाला तरी समजले पाहिजे.

शेवटचा आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपले मंडळ कशाच्या आधारावर उभे आहे? नावात ‘मराठी’ आहे. घटनेत उद्देश लिहिला आहे तो मराठी भाषा आणि संस्कृती जपण्याचा. नागपूर-विदर्भातून आलेली कितीतरी मराठी बौद्ध कुटुंबे या शहरात आहेत. मराठी ख्रिस्ती आहेत. कोकणातून आलेले मराठी बोलणारे मुसलमान आहेत. ठराव मंजूर झाला तर त्यांच्या मुलीच्या लग्नाला हे सभागृह मिळणार नाही. आज हमीद दलवाई असते तर त्यांना इथे व्याख्यान ठेवता आले नसते. रेव्हरंड ना. वा. टिळकांना कविता वाचता आली नसती. आणि बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचा जन्म इथून जवळ महूला झाला, त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर त्यांनी हे सभागृह मागितले असते, तर आपल्या नव्या नियमाने त्यांनाही नाही म्हणावे लागले असते. दरवर्षी १४ एप्रिलला आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो. यंदा तो हार घालताना मान खाली जाऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे.

म्हणून अभ्यासगटाच्या वतीने तीन सूचना करतो. एक, तो ठराव मागे घेतला जावा. मांडणाऱ्यांनीच तो मागे घेतला तर त्यात त्यांचा मोठेपणा दिसेल. दोन, सभागृहाचे नियम सर्वांना सारखे असावेत आणि ते लेखी फलकावर लावावेत. तीन, गणेशोत्सवाच्या व्यासपीठावर कोणत्याही पक्षाचा फलक आणि कोणत्याही धर्माविरुद्ध भाषण असू नये, मग देणगी कितीही मोठी असो. देणगी देणारा एकदाच देतो, पण त्याचा फलक मुलांच्या डोळ्यांसमोर दहा दिवस राहतो.

हे सर्वांना पटेल असे नाही. न पटणाऱ्यांनी सभेत यावे, बोलावे. आम्हीही येऊ आणि ऐकू. घरातला वेगळा आवाज बंद केला की पुढे काय होते, ते कोलंबोपासून इंदूरपर्यंत आपण आत्ताच पाहिले. तो आवाज चालू ठेवणे एवढे तरी आपल्या हातात आहे. आपण ज्या वस्तीत ही सभा घेतो तिचे नाव तात्या टोपे नगर आहे. १८५७ मध्ये तात्या ज्या लढाईत उतरले तीत बहादूरशहाही होते आणि झाशीची राणीही होती. इथे येणाऱ्या पत्रांवरच्या पत्त्यात त्यांचे नाव असते, त्याची आठवण ठेवून मत द्यावे ही नम्र विनंती.